हिरवा ठिपका आणि फिश सॉस : एका फूड ट्रक कंपनीला तक्रार पत्र

मुंबई
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(वांद्रे-कुर्ला संकुलातला फूड ट्रक चालवणारी कंपनी)

विषय : शाकाहारी म्हणून विकलेल्या पॅड थाईत (थायलंडच्या परतलेल्या नूडल्समध्ये) फिश सॉस असल्याबाबत तक्रार

महोदय / महोदया,

शुक्रवार, ७ नोव्हेंबर रोजी दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास आम्ही काही सहकारी आपल्या ट्रकवर जेवायला आलो होतो. बीकेसीत आमच्या ऑफिसच्या इमारतीच्या आवारात जो निळा ट्रक उभा असतो, तोच. पगार झाला की त्या आठवड्यातल्या शुक्रवारी डबा आणायचा नाही, असा आमच्या टेबलाचा रिवाज आहे. एरवी बीकेसीत जेवायचं म्हणजे एक तर कँटीनची पातळ डाळ, नाहीतर खिसा रिकामा करणारी एसी हॉटेलं. त्यामुळे थायलंड, कोरिया, लेबनॉन आणि मेक्सिको एकाच खिडकीतून मिळतात म्हटल्यावर आम्ही खूश होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून मी नवं काही खायला तयारच नसलेला माणूस आहे असा आपला समज होऊ नये.

आमच्यातल्या एक सहकारी वयाने मोठ्या आहेत, आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्या माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती सर्वांना दिसते. कार्तिकी एकादशी करून त्या नुकत्याच पंढरपूरहून परतल्या होत्या. त्यांनी आपल्या बोर्डावर हिरवा ठिपका असलेले पदार्थ तेवढे वाचले, काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "हे पूर्ण व्हेज आहे ना? अंडंसुद्धा नको." त्याने मान डोलावली, बिलावर 'व्हेज पॅड थाई, नो एग' असं छापून दिलं. याहून जास्त काळजी ग्राहकाने काय घ्यायची असते, ते आपणच सांगा.

मी खिडकीच्या बाजूला उभा होतो. आचाऱ्याने वोक तापवला, नूडल्स टाकल्या, मोड आलेले मूग टाकले आणि एका उंच बाटलीतून तपकिरी पाणी गोल फिरवून ओतलं. त्याबरोबर जो वास उठला तो मला चांगला ओळखीचा आहे. मी मालवणचा. तापलेल्या लोखंडावर फिश सॉस पडला की येणारा वास म्हणजे सुकट भाजतानाच्या वासाचा सख्खा भाऊ. पण त्याच वेळी शेजारच्या तव्यावर कोणासाठी तरी कोळंबी चालली होती, म्हणून वास तिकडचा असेल असं वाटलं. डिश हातात आल्यावर ताईंनी दोन-तीन घास घेतले आणि मला विचारलं, "याला कसला वास येतोय रे?" मी खिडकीत जाऊन ती बाटली मागितली.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, फिश नाहीये त्यात, फक्त सॉस आहे."

आचारी मात्र सरळ माणूस होता. त्याने बाटली फिरवून लेबल माझ्यासमोर धरलं. घटकपदार्थ तीनच : अँचोव्ही, मीठ, साखर. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. तो मिठात कित्येक महिने मुरवतात, आणि त्याला सुटलेलं पाणी म्हणजे फिश सॉस. त्यात 'फक्त सॉस' असं काही नसतंच, सगळा मासाच असतो. आचाऱ्याने हेही सांगितलं की व्हेज आणि नॉन-व्हेज पॅड थाईचा सॉस सकाळी एकाच पातेल्यात तयार होऊन येतो, वरून चवीला बाटलीतला घालायचा, आणि व्हेजमध्ये कोळंबी घालायची नाही, एवढाच फरक त्याला शिकवला आहे. त्याच्यावर कृपया कारवाई करू नका. त्या दुपारी आपल्या ट्रकवर खरं बोलणारा तो एकटाच होता.

ताईंनी डिश खाली ठेवली, नळावर जाऊन चूळ भरली आणि बाकड्यावर बसून राहिल्या. आरडाओरडा केला नाही, कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. हे पत्र मी त्यांना विचारूनच लिहितो आहे. त्या स्वतः लिहिणार नव्हत्या. "झालं ते झालं, पांडुरंग बघून घेईल," असं त्यांचं म्हणणं. पांडुरंगाचं पांडुरंग बघेल, बिल मात्र आपल्या कंपनीचं आहे.

यानंतर मुलाने आपल्या विभागीय मॅनेजरांना फोन लावून दिला. ते दोन गोष्टी बोलले आणि दोन्हींना उत्तर देणं मला भाग आहे. पहिली : "व्हेज म्हणजे आम्ही चिकन, प्रॉन्स टाकत नाही." ही व्याख्या त्यांनी कुठून आणली मला ठाऊक नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत मांसाहारी अन्नाची व्याख्या स्पष्ट आहे. पशू, पक्षी, गोड्या किंवा खाऱ्या पाण्यातले जीव, अंडी किंवा कोणताही प्राणिजन्य पदार्थ घटक म्हणून असला की अन्न मांसाहारी. दूध, दुधाचे पदार्थ, मध यांना तेवढी सूट आहे. चमचाभर चालेल, चवीपुरतं चालेल असं त्यात कुठेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं होतं, की मांसाहारी घटकाचं प्रमाण कितीही नगण्य असलं तरी तो पदार्थ शाकाहारी म्हणून विकता येत नाही. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका ही सजावट नाही. ट्रकवर तो बोर्डाच्या रंगसंगतीत फार छान दिसतो हे मान्य, पण ते एक विधान आहे आणि आपल्या बोर्डावर ते खोटं आहे.

दुसरी गोष्ट : "सर, ऑथेंटिक टेस्ट हवी तर तेवढं लागतंच." याचा मला जास्त राग आला. अस्सलपणाचा आधार घ्यायचा तर मग पूर्ण घ्या. थायलंडमध्ये दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात, नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो. फुकेतचा सगळ्यांत प्रसिद्ध, पण बँकॉकच्या चायनाटाउनमध्येही तो जोरात होतो. त्या दिवसांत रस्त्यावरचे गाडीवाले लाल अक्षरांचे पिवळे झेंडे लावतात. असा झेंडा असलेल्या गाडीवर मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काही नसतं, कांदा-लसूणसुद्धा नसतो. म्हणजे आपल्याकडच्या चातुर्मासापेक्षा चार नियम जास्तच. आणि तिथेही पॅड थाई मिळते! सोया सॉस आणि टोफूवर होते. तिचा आंबटगोड कणा चिंच आणि ताडाच्या गुळाचा आहे. चिंचगुळाची आमटी खाऊन वाढलेल्या माणसाला ती चव समजायला फिश सॉसची गरज पडत नाही. जिथे हा पदार्थ जन्मला तिथला हातगाडीवाला जे निष्ठेने पाळतो, ते आपल्याला जमत नाही आणि वर त्याच्याच देशाचं नाव पुढे करायचं, हे बरं दिसत नाही.

मग मी बोर्डावरचे बाकीचे हिरवे ठिपकेही तपासले. एकदा वास लागला की राहवत नाही. 'किमची फ्राइड राइस' हिरव्या ठिपक्यात आहे (किमची म्हणजे कोरियाचं आंबवलेल्या भाज्यांचं लोणचं), आणि फ्रिजमधल्या किमचीच्या बरणीवर घटकपदार्थांत खारवलेली कोळंबी छापलेली आहे. कोरियात बहुतेक घरच्या किमचीत ती किंवा माशाचा सॉस असतोच. तो काही गुन्हा नव्हे, पण गौतम बुद्धाच्या भिक्षूंसाठी तिथल्या मठांत बिनमाशाची किमचीही पिढ्यान्‌पिढ्या होते, म्हणजे पर्याय आहे. फलाफल हरभऱ्याचे, त्यात वावगं काही नाही. फक्त ते ज्या तेलात तळले जात होते त्यातूनच चिकन विंग्ज बाहेर निघत होते. कढई एकच होती. बाओ या वाफवलेल्या पावातल्या मशरूमला कोणता सॉस लावता हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही. ऑयस्टर सॉस असेल तर तोही शिंपल्यांचा, हे आपल्या खरेदी विभागाला कळवावं. शिवाय पॅड थाईवर शेंगदाण्याचा कूट भरपूर पडतो, त्याची बोर्डावर एका शब्दानेही सूचना नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला चूळ भरून भागत नाही, तो थेट दवाखान्यात जातो.

नुकसानभरपाई म्हणून आपल्या मॅनेजरांनी ३४० रुपये परत केले आणि वर ताईंना एक ब्राउनी फुकट पाठवली. मी विचारलं, यात अंडं आहे का? मुलाने आत विचारून सांगितलं, आहे. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मुंबईत मासे खातात म्हणून लोकांना भाड्याचं घर नाकारणारे महाभाग मी जवळून पाहिले आहेत. त्यांची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. आपण फिश सॉस वापरू नये असं मी म्हणत नाही. उलट कोळंबी घातलेली आपली पॅड थाई मीच त्या दिवशी खाल्ली आणि ती चांगली होती. चांगली म्हणजे खरंच चांगली, चिंच नेमकी, नूडल्स चिकटलेल्या नाहीत. ज्याला जे खायचं आहे ते त्याने डोळे उघडे ठेवून खावं आणि ज्याला नाही खायचं त्याला ते लपवून चारू नये, इतकंच. आपला ट्रक उभा राहतो तिथून भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथले किती जैन व्यापारी आणि कारागीर दुपारी तो हिरवा ठिपका पाहून आपल्या रांगेत उभे राहतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ताईंच्या गळ्यातली माळ निदान दिसते तरी.

बिलाचंही सांगून टाकतो. ट्रकसमोर उभं राहून खाल्लेल्या प्रत्येक डिशवर २० रुपये पॅकेजिंगचे लावले आहेत. आणि बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक नाही, जो १ जानेवारी २०२२ पासून छापणं बंधनकारक आहे. ट्रकवरही तो कुठे लावलेला दिसला नाही. मागच्या बाजूला असेल तर तिथे गॅसच्या टाक्या आहेत, ग्राहक तिकडे जात नाहीत.

आता अपेक्षा. हे पत्र मिळाल्या दिवसापासून पॅड थाई आणि किमची राइस यांच्यापुढचा हिरवा ठिपका काढा आणि त्या जागी नियमाप्रमाणे तपकिरी त्रिकोण लावा. तो रंगवायला रंगाऱ्याची वाट पाहायची गरज नाही, स्टिकर चालेल. शाकाहारी पॅड थाई खरोखर द्यायची असेल तर तिचा सॉस वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या बाटलीत आणि वेगळ्या वोकमध्ये करा. तळणीचं तेल वेगळं ठेवा, किंवा एकच आहे असं बोर्डावर लिहा, वाचणारा ठरवेल. प्रत्येक पदार्थात मासा, कोळंबी, अंडं, शेंगदाणे, तीळ यांपैकी काय आहे ते मराठीत आणि इंग्रजीत खिडकीजवळ लावा. काउंटरवरच्या मुलांना सॉसच्या बाटल्यांची लेबलं वाचायला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ताईंची लेखी माफी मागा. त्यांना पैसे नकोत, कूपन नको, ब्राउनी तर मुळीच नको. गेले कित्येक महिने याच ठिपक्यावर विश्वास ठेवून इतर कोणी हेच खाल्लं असेल, त्यांच्यासाठी ट्रकवर एक जाहीर सूचनाही लावा. ते सगळ्यांत अवघड आहे हे मला कळतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज देईन. त्यांचं मुख्यालय बीकेसीतच आहे, मला वेगळी रजाही काढावी लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचं खोटं वर्णन करून विक्री करणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि जिल्हा ग्राहक आयोगात एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. तिथपर्यंत जायची मला हौस नाही.

उत्तर या पत्रासोबतच्या ईमेलवर पाठवावे. माझे नाव आणि संपर्क तिथे दिला आहे. ताईंचे नाव माफीचे पत्र तयार झाल्यावर कळवीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत :
बिलाची प्रत
बोर्डाचे छायाचित्र
फिश सॉसच्या बाटलीवरील आणि किमचीच्या बरणीवरील लेबलांची छायाचित्रे