बाबांच्या हिरड्यांतून आता रक्त येत नाही

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

हे सगळं तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण बाहेर पेशंट खोळंबलेले असतात आणि दोन वाक्यांत आटोपण्यासारखं हे नाही. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. घरात हात न चालणारं माणूस असलेल्या कुणाला तरी तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा, व्यायाम, पथ्य असं सगळं लिहून मिळालं होतं. तोंडाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांचा उजवा हात लुळा पडलेला आणि त्याच बाजूचा गाल सुन्न. घास गालात अडकून राहिला तरी त्यांना कळायचं नाही. ब्रश टेकवला की हिरड्यांतून रक्त यायचं, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू, त्यामुळे घरात सगळेच धास्तावलेले. दाढा काढूनच टाकाव्या लागतील अशी मनाची तयारी करून आम्ही तुमच्याकडे आलो होतो.

तुम्ही एकही दाढ काढली नाहीत. आधी बाबांच्या डॉक्टरांना फोन करून गोळीबद्दल विचारून घेतलंत, मग दातांवर दगडासारखं बसलेलं किटण काढलंत. ते ब्रशने कधीच निघत नाही, हेही सांगितलंत. आणि एवढ्यावर न थांबता मला खुर्चीजवळ बोलावलंत. "रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करायचा नाही," हे तुमचं पहिलं वाक्य. हिरडी सुजली आहे ती तिच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे, गोळीमुळे रक्त जरा जास्त वाहतं इतकंच. थर गेला की सूज उतरते.

माझ्या चेहऱ्यावरची शंका तुम्हाला दिसली असणार. म्हणूनच तुम्ही १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाबद्दल सांगितलंत. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली. ब्रश पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ते ऐकून माझी भीती गेली. धीर द्यायला लोक "काळजी करू नका" म्हणतात, तुम्ही कारण समजावून दिलंत. त्याचं मोल मला फार वाटतं.

मग जंतूंचा तो थर डोळ्यांना दिसावा म्हणून तुम्ही बाबांच्या दातांना रंग लावलात. तोवर माझ्या डोळ्यांना ते दात स्वच्छच दिसत होते. चूळ भरल्यावर पुढच्या दातांचा मधला भाग पांढरा राहिला, आणि दात जिथे हिरडीत शिरतो तिथे प्रत्येक दाताभोवती गडद गुलाबी रेघ उमटली. खालच्या दाढांची आतली, जिभेकडची बाजू तर सबंध रंगलेली. त्या आरशात पाहिलेलं मी विसरणार नाही. दात घासायचे म्हणजे नेमकं कुठे घासायचं, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं.

त्यानंतर माझा हात हातात धरून तुम्ही शिकवलंत. ब्रश मुठीत आवळायचा नाही, पेनासारखा बोटांत धरायचा, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. केस मऊ हवेत. ते हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरके टेकवायचे, वरच्या दातांना वर रोखून, खालच्यांना खाली. दोन-तीन दातांवर जागच्या जागी अगदी लहान हालचाल करायची, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटकायचं आणि पुढे सरकायचं. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरायचा. दोन दातांमधल्या फटीत ब्रशचे केस पोचतच नाहीत, तिथे बारीक ब्रश. जोर लावून आडवं घासलं तर हिरडी मागे सरते, मुळाशी दात झिजतो, आणि इतकं करूनही थर कडेला राहतो तो राहतोच.

बाबांच्या बाबतीतल्या बारीकसारीक गोष्टी तर मला दुसरीकडे कुठेच मिळाल्या नसत्या. त्यांना ताठ बसवायचं, डोकं मागे टाकू द्यायचं नाही, हनुवटी किंचित खाली. पेस्ट थोडीशीच, म्हणजे फेसाने ठसका लागत नाही. सुन्न गालातून आधी ओल्या कापडाने अडकलेलं अन्न काढायचं. गिळायला त्रास असणाऱ्या माणसाच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे तुम्ही शांतपणे पण स्पष्ट सांगितलंत. दातांची निगा आणि श्वास यांचा असा संबंध असेल हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, यावर तुमचा भारी कटाक्ष. झोपेत लाळ कमी होते, बाबांच्या काही औषधांनी तोंड आधीच कोरडं पडतं, आणि लाळच नसेल तर आम्लापासून दातांना वाचवणार कोण? पेस्ट फ्लोराइडची. नंतर फेस थुंकून टाकायचा, खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. ही शेवटची गोष्ट आता आमच्या घरात सगळेच पाळतात.

पण मॅडम, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते निराळंच आहे. सगळं मला शिकवून झाल्यावर तुम्ही बाबांकडे वळलात. ब्रशच्या दांड्याला रुमाल गुंडाळून तो जाड केलात, त्यांच्या डाव्या हातात दिलात आणि म्हणालात, "काका, आता तुम्ही करून दाखवा." झटका आल्यापासून त्यांना कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. आम्ही भरवायचो, पुसायचो, कपडे घालायचो, सगळं मायेनेच. त्यांनी हळूहळू, थरथरत, समोरचे चार दात घासले. तुम्ही मध्ये हात घातला नाहीत की घड्याळाकडे पाहिलं नाहीत. झाल्यावर एवढंच म्हणालात की आता थोडं डावीकडे. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी शर्टाची बटणं स्वतः लावायचा हट्ट धरला.

रक्त आता येत नाही. तोंडाचा वास गेला, आणि जेवताना ते चावायला कुरकुरत नाहीत. सकाळचा ब्रश ते स्वतःच करतात. राहिलेल्या जागा नंतर मी पुसटशा रंगवून बघते आणि तेवढ्या साफ करते. रात्री ते दमलेले असतात, तेव्हाचा संपूर्ण ब्रश माझ्याकडे. खालच्या दाढांची आतली बाजू त्यांना डाव्या हाताने अजून जमत नाही. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा त्यासाठी काही युक्ती असेल तर ती त्यांनाच सांगा, त्यांना ते आवडेल.

मनापासून आभार.

आपली,
तुमच्या एका काकांची मुलगी