मिशन संडेला प्रायोजक कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या १८ ऑक्टोबरला मिशन संडे आहे, म्हणजे जगभरच्या गरीब भागांतल्या चर्चच्या कामासाठी दान गोळा करायचा आम्हा कॅथलिकांचा रविवार. खानापूर तालुक्यातल्या आमच्या चर्चच्या आवारात त्या निमित्तानं फेअर भरते. यंदा तिला प्रायोजक घ्यायचा की नाही यावरून फिनान्स कमिटीत सरळ दोन तट पडलेत. घरचं भांडण पेपरात कशाला, असं कमिटीतलेच काही जण म्हणतील. म्हणू देत. फेअरला येणारी कितीतरी माणसं चर्चची नसतात. हाऊसीची, म्हणजे तंबोल्याची, तिकिटं बाजारपेठेतले दुकानदार घेतात, नेवऱ्या आणि दोदोल शेजारच्या गल्लीतल्या बायका डबे भरून नेतात, आणि फुल हाऊसला बक्षीस ठेवलेला कुंदा बहुतेक वेळा भलत्याच कुणाच्या घरी जातो. पैसा गावाचा आहे, तर तो कुठं जातो हे गावाला कळायला हवं.

ते कळलेलं नाही, हे मात्र खरं. "तुमच्यात काय ओ, फॉरेनचा पैसा येतंय की," हे वाक्य मी कॅशियरच्या काउंटरमागं बसून नोकरीभर ऐकलं. रागानं कुणी म्हणत नाही. पाऊस पडतोय म्हणावं तितक्या सहज म्हणतात.

त्यात तथ्य अजिबातच नाही असंही नाही. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, ती सोसायटी तिकडच्या लोकांच्या वर्गणीवर चालणारी होती. आजही काही संस्थांना बाहेरून मदत येते. पण ती कशी येते ते बघा. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली आधी नोंदणी. २०२० च्या दुरुस्तीपासून प्रत्येक रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरली पाहिजे. प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही, आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत केंद्राला हिशोब. मी आयुष्य बँकेत काढलं. इतका कडक बंदोबस्त फार थोड्या खात्यांना असतो.

मिशन संडेचा पैसा याच्या उलट दिशेनं जातो. हा दिवस पोप अकरावे पायस यांनी १९२६ मध्ये ठरवून दिला, म्हणजे यंदा त्याला शंभर वर्षं होतात. ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार. त्या दिवशी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फिरणारी दानाची पिशवी आमच्यासाठी नसते. चर्चचं छप्पर गळत असलं तरी त्यातला रुपया कौलांना लावता येत नाही. रक्कम बिशप हाऊसला, म्हणजे आमच्या धर्मप्रांताच्या कचेरीला, जाते, तिथून पोपच्या मिशन संस्थांच्या फंडात. जगभरच्या पॅरिशमधून, म्हणजे गावोगावच्या चर्चमधून, आलेलं सगळं एकत्र करून आफ्रिका, आशिया, ओशनियातल्या गरीब डायोसिसना, म्हणजे धर्मप्रांतांना, वाटलं जातं. भारतातल्या डायोसिसही घेणाऱ्यांत आहेत, हेही सांगून टाकते. घेणाऱ्यानंही द्यायचं, अशीच ही रीत आहे.

ती सुरू कशी झाली ते प्रायोजकवाल्यांनी जरूर वाचावं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पोलीन जारिको नावाची एक तरुणी होती. घर रेशीम व्यापाऱ्याचं. तिनं गिरणीतल्या कामकरी मुलींना गाठलं. प्रत्येकीनं आठवड्याला एक सू, म्हणजे तिकडचं अगदी किरकोळ नाणं, द्यायचं. दहा जणींमागं एक गोळा करणारी, अशा दहा गटांमागं आणखी एक. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त नंबर कुणालाच लागत नाही. त्यातून १८२२ मध्ये संस्था उभी राहिली आणि पुढं शंभर वर्षांनी ती रोमनं आपली म्हणून स्वीकारली. पोलीनबाईंना २०२२ मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मिशनच्या पैशाचं मूळ एका धनिकाच्या चेकमध्ये नाही, बायकांच्या चिल्लरीत आहे.

ती चिल्लर मी दर रविवारी मोजते. दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीतल्या, टेबलावर पिशवी ओततात. दोघं मोजतात, तिसरा लिहितो, खाली तिघांच्या सह्या. दहाच्या नोटा चार घड्या घातलेल्या असतात, त्या उलगडून, तळहातानं सपाट करून, तोंडं एका बाजूला करेपर्यंत कोण कुठून आलंय ते कळतं. भाजीवालीची नोट कमरेच्या पिशवीत राहून मऊ पडलेली असते. गोव्यात कामाला जाणाऱ्या पोरांची नोट करकरीत, एटीएममधली. मिशन संडेला पाकिटं असतात. एखाद्यावर नुसतं 'आईच्या नावानं' इतकंच लिहिलेलं. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांचे दानाचे डबे शेवटी फोडायचे, कारण त्यात एक-दोन रुपयांची नाणी फार, आणि दहा-दहाच्या चवडी लावताना हमखास एक तरी चवड पोरंच पाडतात.

आता प्रायोजक. एक कंत्राटदार आहेत, नाव लिहिण्याची गरज नाही. मंडप त्यांचा, साऊंड त्यांचा, वर मिशनसाठी एक मोठी गोल रक्कम. बदल्यात फारसं काही मागणं नाही म्हणतात: गेटवर फ्लेक्स, स्टेजवर शाल-श्रीफळ आणि 'दोन शब्द'. फ्लेक्सवर कन्नड वर की मराठी वर, अक्षरं कुणाची मोठी, यावरच बैठकीचा अर्धा तास गेला. मिशनचं नाव किती मोठं, हे कुणी विचारलंच नाही. (आपल्या भागात बोर्ड म्हटला की पुढचं सगळं विसरायला होतं, त्याला कमिटी तरी काय करणार!)

माझा विरोध त्या गृहस्थांना नाही. त्यांनी पाकिटात घालून द्यावेत, मी आनंदानं मोजेन. पण ही गोष्ट बाहेर फुटली त्या संध्याकाळी महिला मंडळात एकीनं विचारलं, "एवढं देणार आहेत तर मग आम्ही नारळ कशाला खवायचे?" मला वाटतं, कमिटीनं या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं. नेवऱ्यांचं सारण परतायला गुरुवारपासून ज्या बायका चुलीपुढं बसतात, त्यांना एकदा कळलं की आपल्या हातच्या पैशानं आता काही अडत नाही, की पुढच्या वर्षी त्या येणार नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी कंत्राटदारही येणार नाहीत, कारण तोवर निवडणूक होऊन गेलेली असेल.

मोठं काम म्हणजे मोठा पैसा, असं एक सभासद म्हणाले. संत जोसेफ वाझ इथून जवळच्या, गोव्यातल्या बाणावलीचे. १६८७ मध्ये ते श्रीलंकेत गेले तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर डच राज्य होतं आणि कॅथलिक धर्मगुरूला बंदी. मजुराच्या वेषात ते उतरले. कँडीत त्यांना पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं. पुढं तिथंच देवीच्या साथीत लोक आजारी माणसांना टाकून पळाले, तेव्हा हेच त्यांच्या सेवेला राहिले. १७११ मध्ये कँडीतच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. आपल्या बाजूच्या माणसाचं परदेशातलं मिशन हे असं होतं.

आमच्याच पॅरिशची एक सिस्टर सध्या आफ्रिकेत नर्स आहे. सुट्टीवर आली तेव्हा मिस्सानंतर थोडं बोलली. पावसाळ्यात दवाखान्याचा रस्ता तुटतो, बाळंतिणीला खांद्यावरून आणावं लागतं, असं ती सांगत होती. मागच्या बाकांवर आमच्या जंगलपट्ट्यातल्या बायका होत्या, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आपल्याकडंही हेच की! त्यावरून लगेच एकजण म्हणाले, मग आफ्रिकेला कशाला, इथंच द्या. इथला रस्ता सरकारनं करायचा आहे, आमच्या करातून. त्यासाठी भांडायचं ते तहसीलदार कचेरीत. मिशनच्या पिशवीत हात घालून तो रस्ता होणार नाही.

दुसऱ्यांचं म्हणणं, पैसे थेट सिस्टरच्या खात्यावर पाठवू. भावना चांगली आहे, पण तसं होत नाही. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी सवलत आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतची, ती व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. धर्मादाय संस्थेनं देशाबाहेर खर्च केला तर करसवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. शिवाय आज एका सिस्टरला, उद्या ज्यांची ओळख जास्त त्या फादरना, असं सुरू झालं की ज्यांचं कुणी ओळखीचं नाही अशा दवाखान्याला काहीच मिळत नाही. बिशप हाऊसची वाट लांबची वाटते, पण ती याचसाठी आहे.

कमिटीपुढं माझी मागणी साधी आहे, आणि ती चर्चच्याच कायद्यात बसते. १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला फिनान्स कमिटी हवी, १२६७ प्रमाणे एका कारणासाठी दिलेलं दान त्याच कारणासाठी वापरायचं, आणि १२८७ प्रमाणे लोकांनी दिलेल्याचा हिशोब लोकांना द्यायचा. तेव्हा फेअरचा जमाखर्च वेगळा ठेवा. मंडपाला किती, साहित्याला किती, बिशप हाऊसला किती गेले आणि त्यांची पावती, हे सगळं फेअरनंतरच्या रविवारच्या आत बाहेरच्या फळ्यावर लावा. मराठी, कन्नड आणि कोंकणी तिन्हींत. फळा गेटच्या बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे हाऊसी खेळून गेलेल्या दुकानदारालाही जाता-येता वाचता येईल. प्रायोजकाबद्दलचा निर्णय या रविवारच्या बैठकीत व्हायचा आहे. मी विरोधात मत देणार आहे.

आपली,
एक निवृत्त कॅशियर,
खानापूर तालुका, जि. बेळगाव