हृदय ठीक असूनही माझे दुखणे खरे मानणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

ईसीजी, इको आणि ट्रेडमिल टेस्ट यांचे रिपोर्ट नॉर्मल आलेले, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन नावाचे प्रथिनही वाढलेले नाही, आणि तरीही छातीत डावीकडे दुखायचे काही थांबत नाही, अशा अवस्थेत मी आपल्याकडे आले होते. आपले आभार चारचौघांत मानावेत असे वाटले, कारण विशी-तिशीतली कितीतरी माणसे असेच रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली असतात.

आपल्याआधी ज्यांना दाखवले त्यांनी हृदयाची तपासणी चोख केली होती आणि ती आधी व्हायलाच हवी होती. मात्र "तुम्हाला काहीही झालेले नाही" एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. पुन्हा कळ आली की चाचणीत काहीतरी सुटले असावे अशी शंका मनात येई, भीतीने श्वास भरभर चाले, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येत आणि छाती आणखी आवळली जाई. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो व त्यामुळे मुंग्या येतात, हे आपण समजावून सांगेपर्यंत मला तीही हृदयविकाराचीच खूण वाटत होती.

आपण आधी सगळे ऐकून घेतलेत. जिने चढताना दुखते की कूस बदलताना, दीर्घ श्वास घेतल्यावर वाढते का, जेवून आडवे झाल्यावर जळजळते का, पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते का, घरात कुणाला तरुणपणी अचानक मृत्यू आला आहे का, हे सारे विचारलेत. मग छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने एकेक बरगडी बोटाच्या टोकाने दाबत खाली आलात, आणि डावीकडच्या चौथ्या बरगडीपाशी दाब पडताच मी कळवळले. "रोज दुखते ते हेच का?" असे आपण विचारलेत. अगदी तेच होते. इतके दिवस ज्याचा थांग लागत नव्हता ते दुखणे एका बोटाखाली सापडले, तेव्हा मला रडू आले होते.

बरगडी आणि मधले हाड यांना जोडणाऱ्या कूर्चेचा हा दाह, म्हणजे कॉस्टोकाँड्रायटिस, ईसीजीत किंवा एक्स-रेत दिसत नाही, तो बहुधा हातानेच ओळखावा लागतो, हे आपण सांगितलेत. सगळ्यांचे कारण हेच नसते, हेही सांगितलेत. कुणाला अन्ननलिकेत वर येणारे आम्ल छळते, आणि अन्ननलिका व हृदय यांच्या संवेदना मेंदूकडे बऱ्याच अंशी एकाच वाटेने जात असल्याने दोन्हींचे दुखणे सारखेच भासते. कुणाला बसल्या बसल्या सुईसारखी कळ येऊन थोड्याच वेळात आपोआप जाते. कुणाला पॅनिक अटॅक येतात. भीतीने दुखणे वाढते हे सांगतानाही, ते मनाने रचलेले आहे असे आपण एकदाही सुचवले नाहीत. माझ्या दृष्टीने आपल्या उपचाराचा हा सर्वांत मोठा भाग होता.

बाकी उपचार साधेच होते: शेक, थोडे दिवस जेवणानंतर घ्यायची वेदनाशामक गोळी, छातीच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम आणि एका खांद्यावरचे जड ओझे बंद. बरे व्हायला काही आठवडे, कदाचित महिनेही लागतील, हे आधीच सांगितल्यामुळे दुखणे मध्येच उसळले तेव्हा माझा धीर सुटला नाही. चिठ्ठीच्या मागे आपण स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेत, की श्रम करताना छातीत दडपण आले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, धाप लागली किंवा शुद्ध हरपली, तर जुने रिपोर्ट कितीही चांगले असले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. नेमके कशाला घाबरायचे हे कळल्यावर बाकीच्या वेळी मी निर्धास्त राहू शकले.

अजूनही फार वेळ संगणकावर वाकून बसले की त्याच जागी दुखते. मग मी उठते, दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती ताणते आणि पुन्हा कामाला बसते. यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण