लोळलेला ऊस कोण तोडणार

बोरिवली, रविवार रात्र

सुध्या लेका,

तब्येत बरी, शुगर बॉर्डरला, सोड ते. बायको म्हणते प्रमोशन झालं तर पेढे आण, तिला काय सांगू, म्हणून तुला लिहितोय. मला ऊसतोडणी हार्वेस्टरचा बिझनेस हेड केलंय. परभणीला ॲग्री इंजिनिअरिंग केलं, रोटाव्हेटर विकत गावोगाव फिरलो, ट्रॅक्टरमध्ये केस पांढरे केले, आणि आता ऊसतोडीला जाणाऱ्या धारूरच्या माणसाने कोयता बंद पाडायचं मशीन विकायचं. हस, तुझं ते कुचकट हसू इथपर्यंत ऐकू येतंय.

बीकेसीत प्रेझेंटेशन झक्कास झालं. मशीन कोटीच्या घरात, २०२३च्या सरकारी योजनेत अनुदान ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख, कारखान्यांना तोडणीच्या टोळ्या मिळत नाहीत, त्यांना आगाऊ दिलेली उचल बुडते, सगळं खरंच आहे. 'लेबर सेव्हिंग'ची स्लाइड तेवढी झटकन पुढे ढकलली. त्या लेबरमध्ये सखूमावशी न् तात्या आहेत की रे.

दहावीला आपण ह्याच्यावरनंच भांडलो होतो. तू म्हणायचास हा ऊसतोडीचा धंदा बुडालाच पाहिजे, थंडीत डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, बायांनी गर्भपिशव्या काढून कामाला जायचं, ह्यात टिकवण्यासारखं काय आहे. मी म्हणायचो, मग खायचं काय? आता तो बुडवायचा पगार मलाच मिळतोय! (माझी कंपासपेटी फेकलीस ती अजून भरून दिली नाहीस.)

आणि गंमत म्हणजे धड बुडणारही नाही. मशीनला सरीत चार-पाच फूट अंतर लागतं, अर्ध्या एकराच्या तुकड्यात वळायला जागा नाही, ऊस लोळला की अडतं, वर पाचटाची वजनात कपात म्हणून शेतकरी कुरकुरतात. म्हणजे सरळ, मोकळे फड मशीन नेणार आणि लोळलेला, चिखलातला ऊस टोळ्यांच्या वाट्याला, तोही टनावरच्याच दराने. दिवसाला माल कमी निघाला की उचल फिटणार कधी? हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही, विचारलंही नाही कुणी.

वहिनींच्या बदलीचं झालं का? पोरीला लातूरला ॲडमिशन मिळाली म्हणे, भारी. तुझ्या गुडघ्याचं बघ बाबा.

एक काम कर. डीलर लोक ऑपरेटर बाहेरनं आणतात, मी ट्रेनिंगला आपल्याकडची पोरं घ्यायला लावतो. बाळ्याला विचार, ट्रॅक्टर तो सातवीपासून हाकतो. मावशीसारख्या बायांचं काय, ते मात्र सुचत नाहीये, तुला सुचलं तर शिव्या घालत का होईना पण फोन कर, आठनंतर, लोकलमध्ये काही ऐकू येत नाही. आणि बाळ्याशी तात्यांसमोर बोलू नकोस.

तुझा,
दिल्या