फोनवर अर्धंच सांगितलं

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, पोटॅशियम आत शिरलं की ग्राफाइटचे थर लांब सरकतात, म्हणूनच त्याचे गुण बदलतात ना?" मी घाईत हो म्हटलं. नंतर ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहिते आहे.

ग्राफाइटमधले कार्बनचे थर सरकतात हे खरंच. एरवी त्यांच्यात ३.३५ अँगस्ट्रॉमचं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अंतर असतं, पोटॅशियमनं ते ५.४च्या आसपास जातं. पण लिथियम बघ. ते अंतर जेमतेम ३.७पर्यंत नेतं, तरी काळं ग्राफाइट सोनेरी होतंच! म्हणजे खरी करामत अंतराची नाही, इलेक्ट्रॉनची आहे.

या धातूंचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन अगदी सैल धरलेला असतो. तो कार्बनच्या थरात उतरतो आणि धातूचा अणू धन आयन होऊन फटीत बसून राहतो. शुद्ध ग्राफाइटमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे. आठ कार्बनमागे एक पोटॅशियम बसलं की रिकाम्या ऊर्जापातळ्या भरू लागतात, वाहकता कितीतरी वाढते. तो सोनेरी रंग म्हणजे वाढलेले इलेक्ट्रॉनच. वरून चढलेला मुलामा नव्हे. १९६५ साली तर हे संयुग एक केल्विनच्याही (सुमारे उणे २७२ अंश सेल्सिअस) खाली अतिसंवाहक होतं, म्हणजे विजेला जराही रोध करत नाही, असं दिसलं. सामान्य दाबाला ग्राफाइट एकटं तसं होत नाही, पोटॅशियमही नाही. मला आजही याचं नवल वाटतं.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हेही थरांचंच, मॉलिब्डेनम आणि गंधकाचं संयुग, पण त्याची गोष्ट निराळी. तिथे लिथियमनं दिलेल्या इलेक्ट्रॉनमुळे मॉलिब्डेनमभोवतीची गंधकाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि अर्धसंवाहकाचा धातूसारखा वाहक बनतो. लिथियम काढून घेतलं तरी थर लगेच मूळपदावर येत नाहीत. त्यामुळे मोजमाप घेताना नमुन्यात आत्ता किती लिथियम आहे एवढंच लिहून भागत नाही, आधी किती होतं तेही वहीत हवं.

आणि तुझा पोटॅशियम भरलेल्या ग्राफाइटचा नमुना हवेत उघडू नकोस. पेट घेण्याचा धोका तर आहेच, शिवाय ऑक्सिजन आणि बाष्प तो इलेक्ट्रॉन हिरावून घेतात. मग तू मोजशील ते भलतंच काही असेल.

तुझा नमुना सोनेरी झालाय की निळा, ते कळव. निळा असेल तर पोटॅशियम एक फट सोडून एक असं बसलंय, प्रत्येक फटीत अजून पोचलेलं नाही.

तुझी,
आई