ग्राफिक विभागातल्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

कृष्णा रेड्डी यांच्या मुद्राचित्रांवर, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवर शाई लावून कागदावर छापलेल्या चित्रांवर, नुकताच विद्यार्थ्यांपुढे तासभर बोललो आणि नेमके तुमचेच नाव घ्यायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

रेड्डींचे चरित्र पुस्तकांतून मिळाले होते. १९२५ साली आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात जन्म, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकलेचे शिक्षण, पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिल्पकला, तिथून पॅरिस, आणि १९७६ पासून २०१८ मध्ये निधन होईपर्यंत न्यूयॉर्क. परंतु पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत त्यांनी आणि मुंबईहून गेलेल्या, आपल्या जे. जे. कलाशाळेच्याच कैको मोती यांनी जे साधले, ते कितीही वाचले तरी उमगत नव्हते. एकाच प्लेटवरून, प्रेसमधून एकदाच काढलेल्या कागदावर इतके रंग चिखल न होता उतरतात कसे?

विभागात तुम्हाला हे विचारले, तेव्हा तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. शाईच्या दोन गोळ्या काचेवर घेतल्या, एकीत जवसाचे तेल थेंबाथेंबाने मिसळले आणि सुरीवरून दोन्ही ओघळवून दाखवल्या. पातळ शाई कडक रोलरने प्लेटच्या उंचवट्यांवर दिलीत, मग घट्ट शाई मऊ रोलरने खोलगट भागांत. तेलकट थराने घट्ट शाईला जवळही येऊ दिले नाही. ‘रोलरचा आवाज ऐक,’ एवढेच म्हणालात. तो चरचर आवाज ओळखायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यात माझ्याच उतावळेपणाने जस्ताच्या दोन प्लेटा वाया गेल्या. त्या तुम्ही मुकाट्याने घासून पुन्हा हातात दिल्यात.

रोलर प्लेटच्या वेगवेगळ्या खोलींवर उतरताना पाहिला, तेव्हा शिल्पकार असलेल्या रेड्डींना ही वाट का सापडली असेल हे ध्यानात आले. ते प्लेट शिल्पासारखी कोरत. त्यांच्या ‘व्हर्लपूल’ (भोवरा) या मुद्राचित्रातल्या पाण्याच्या लाटा त्या धातूत खरोखरच खोल-उथळ आहेत. त्यांना केवळ ‘रंगांचे जादूगार’ म्हणून मोकळे होणारे लेख मला तेव्हापासून अपुरे वाटतात.

सोबत माझा नवा छाप पाठवत आहे. डाव्या कोपऱ्यातला निळा अजून मळकट आला आहे. तेल जास्त झाले की रोलर दाबला गेला, ते पाहून कळवावे.

आपला,
ग्राफिक विभागाचा एक जुना विद्यार्थी