हंगामाआधी फोनची मशागत

देवगड, फेब्रुवारी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. पहिल्या मोहोराची फळं अंड्याएवढी झाली आहेत, दुसऱ्या मोहोराची वाटाण्याएवढी. तुडतुड्या किडीची फवारणी उरकली, आता थ्रिप्स या दुसऱ्या किडीवर डोळा ठेवून आहे. हवा अशीच राहिली तर मार्चअखेर पहिली तोडणी धरायला हरकत नाही. हे सगळं मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू लिफ्टमध्ये वाचून वर अंगठा चिकटवून मोकळा झाला असतास. म्हणून कागद घेतला. पुण्याच्या गाडीने आईने कोकमं पाठवली आहेत, त्यांच्या पिशवीत घालतोय. बसून वाच.

गेल्या हंगामात नोकरी सांभाळून पुण्यात आपल्या आंब्याच्या ऑर्डरी घेताना तुझी झालेली ओढाताण केतकीने सांगितली, थोडी मला इथूनही दिसत होती. रात्री साडेअकराला तुझा मेसेज, ‘बाबा, आणखी दोन पेट्या’. पहाटे उठून बघावं तर ‘त्यातली एक रद्द’. कोथरूडची पेटी बाणेरला गेली, कारण पत्ता तुझ्या मित्रांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये अडकला होता. आणि म्हणे मीटिंगमध्ये साहेबांनी काहीतरी तारीख विचारली तर तू ‘पाच डझन’ म्हणालास. खरं-खोटं तुम्हा नवराबायकोला ठाऊक.

तर यंदा मोहोराबरोबर फोनचीही मशागत करायची. बंड्या पुण्याहून गणपतीला आला होता तेव्हा त्याच्याकडून मी हे सगळं माझ्या फोनवर करून घेतलंय, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

पहिलं म्हणजे नंबर वेगळा. तुझ्या फोनला सिमच्या दोन जागा आहेत, दुसरी रिकामी ठेवली आहेस. तिथे एक स्वस्तातलं सिम टाक आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू कर. ते साध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या शेजारी वेगळं बसतं, फुकट आहे, २०१८ सालापासून आहे. आंब्याचं सगळं तिथे, बाकी जग इकडे. जुन्या गिऱ्हाइकांना आत्ताच कळव की आंब्यासाठी हा नवा नंबर, आणि तो फोनमध्ये सेव्ह करा असंही सांग. कारण ब्रॉडकास्ट यादीतून टाकलेला दर ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. गेल्या वर्षी जोशीकाकू ‘मला दर कळवलाच नाहीस’ म्हणून रुसल्या होत्या, त्याचं मूळ बहुतेक यातच.

त्या बिझनेसवाल्यात कामाचे तास घालायची सोय आहे. रात्री साडेआठ ते दहा घाल. रविवारी हवं तर सकाळचे दोन तास जास्त. त्या वेळेबाहेर कुणी लिहिलं की आपोआप उत्तर जातं. ते उत्तर इंग्रजीत ‘थँक यू फॉर कॉन्टॅक्टिंग’ असं नको, आपल्याकडून आंबा घेणारी माणसं तुला आठवडाभर ‘शिष्ट झाला’ म्हणतील. असं लिही: ‘नमस्कार. निरोप मिळाला. मी दिवसा नोकरीवर असतो. रात्री साडेआठ ते दहा या वेळात उत्तर देतो. किती डझन हवे, कुठे हवे आणि कधीपर्यंत हवे एवढं लिहून ठेवा.’ या शेवटच्या वाक्याने निम्मं काम होतं. माणूस स्वतःच तिन्ही गोष्टी लिहून ठेवतो, तुला मागोमाग चार प्रश्न विचारावे लागत नाहीत. मात्र एक लक्षात ठेव, फोनचं इंटरनेट बंद असेल तर हे उत्तर जात नाही. ऑफिसात डेटा बंद करून बसू नकोस, फक्त आवाज बंद कर.

दुसरी सोय त्याहून गोड आहे. ठरलेली उत्तरं एकदा लिहून ठेवायची, मग तिरकी रेघ मारून एक शब्द टाकला की पूर्ण मजकूर उमटतो. तू गेल्या वर्षी ‘आंबा कसा पिकवायचा’ हे शंभर जणांना शंभर वेळा बोटांनी टाइप केलंस. ‘पिकवणे’ या शब्दावर हे ठेव: ‘पेटी आल्याबरोबर उघडा. फळं गवतात एका थरात पसरून ठेवा, पंख्याखाली किंवा उन्हात नको. रोज एकदा हात फिरवून पिकलेलं बाजूला काढा. पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवू नका. साल जराशी सुरकुतली की खायला घ्या.’ तसंच ‘दर’, ‘पैसे’, ‘पत्ता’. आणि ‘हा खरा देवगडच कशावरून?’ विचारणाऱ्यांसाठी एक. कोकणातल्या हापूसला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपलीही नोंदणी आहे, त्या प्रमाणपत्राचा फोटो त्या उत्तरात घाल. फळात साका, म्हणजे आतला गर पांढरट स्पंजासारखा, निघाला तर काय, याचंही उत्तर आत्ताच ठरवून लिही. साका बाहेरून कळत नाही, फळ कापल्यावरच दिसतो, तेव्हा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालू. भांडण नको. रागाच्या भरात रात्री अकराला लिहिलेलं उत्तर आणि फेब्रुवारीत शांतपणे लिहिलेलं उत्तर यात फरक असतो.

प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं, रंगीत. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पैसे आले’, ‘पेटी गेली’. याहून जास्त करू नकोस. गेल्या वर्षी तू एक्सेलमध्ये सतरा रकाने केलेस आणि त्यातले तीन भरलेस.

आता माझ्या मतलबाचं. मला दिवसभर स्क्रीनशॉट नकोत. रात्री सव्वादहाला एकच मेसेज: उद्या किती पेट्या, कुठल्या आकाराच्या, कुठल्या तारखेला पोचायच्या. सकाळी ऊन चढायच्या आत गडी कलमावर असतो. फळ झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, देठासकट उतरवावं लागतं, देठ तुटला की चीक ओघळतो आणि सालीवर डाग पडतो. मी खाली उभा राहून फळ बघायचं की खिशातला फोन बघायचा? गेल्या वर्षी एकदा तुझा मेसेज वाचेपर्यंत बाबल्याने चौदा आणे तयार फळाच्या जागी बारा आणेच तयार झालेलं उतरवलं. ते पिकलं, पण चव तुला माहीत आहे. तेव्हा सव्वादहानंतर आलेली ऑर्डर परवाची. त्याला अपवाद नाही, तुझ्या साहेबांचा मेहुणा असला तरी.

गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणशील. जाऊ दे. आपली कलमं मोजकी आहेत. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ऑर्डर जास्त आणि फळ कमी अशीच स्थिती असते, तू स्वतः माणसांना नाही म्हणतोस. ज्या धंद्यात माल आधी संपतो आणि मागणी नंतर, त्यात दर मिनिटाला फोन उघडून कुणाची वाट बघायची? आम्ही वाशीला माल पाठवायचो तेव्हा दलालाची हिशोबाची पट्टी पोस्टाने यायची. पेटी काय भावाने गेली हे आठवड्याने कळायचं. ते दिवस चांगले होते असं मी मुळीच म्हणत नाही, दलालाने काय लिहिलं ते मुकाट्याने मान्य करावं लागे. पण आंब्याला घाई असते, माणसाला तीन तास थांबवता येतं, एवढं तेव्हाही खरं होतं.

तुझा खरा चोर आंबा नाहीच. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला फोन उचलतोस आणि मग बोट आपोआप रीलवर जातं. फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड आहे. त्यात इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक, क्रिकेटचं ते स्कोअरवालं, सगळी निवड आणि सोमवार ते शुक्रवार नऊ ते सहा वेळ लाव. तेवढा वेळ ती अ‍ॅप उघडत नाहीत आणि वाजतही नाहीत. सुटकेसाठी पाच मिनिटांचं बटण त्यात आहे, ते मात्र तुझ्या मनावर. माझ्या लहानपणी वाण्याच्या दुकानातल्या फोनच्या डायलला छोटं कुलूप असायचं, फोन यायचा पण कुणालाही फिरवता यायचा नाही. हे तसलंच आहे, फक्त किल्ली तुझ्याच खिशात. आंब्याची जाहिरात टाकायची तर रविवारी बसून आठवड्याची टाक. इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं केलंस की पोस्टला पुढची तारीख-वेळ लावून ठेवता येते, त्यासाठी रोज आत शिरायला नको.

‘व्यत्यय आणू नका’ चालू ठेवलास तरी काही माणसं पोचली पाहिजेत. मला, केतकीला, तुझ्या साहेबांना आणि टेम्पोवाल्या सदाला तारांकित कर आणि फक्त तारांकितांचे कॉल वाजू दे. टेम्पो कात्रजला येऊन उभा आहे आणि तू मीटिंगमध्ये, असं झालं तर पेट्या तापतात, म्हणून सदा महत्त्वाचा. शिवाय एकाच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यावा, असा एक खटका तिथेच आहे. तोही चालू कर. अडलेला माणूस दोनदा करतो, गप्पावाला एकदाच.

बाकी सूचनांचं असं कर की जी वाजेल तिच्यावर बोट दाबून धर आणि ‘सायलेंट’ कर. चार दिवसांत फोन गप्प होतो. माझ्याकडे आता बोंबलायची परवानगी दोघांनाच आहे, हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि विजेची सूचना देणारं ‘दामिनी’. एप्रिलमध्ये अवकाळी येतो तेव्हा गडी झाडावर असतात, तिथे सायलेंट चालत नाही. वाडीच्या ग्रुपवरचे सुप्रभात मी संग्रहात टाकलेत. ते तिथेच राहतात, कितीही फुलं आली तरी वर येत नाहीत. गावात कुणाला अजून कळलेलं नाही, तूही बोलू नकोस.

पैशाचं. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तसलं चित्र कुणीही बनवतं. खात्यात जमा दिसले तरच ‘पैसे आले’ लेबल लाव. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाका म्हणणारा माणूस पैसे नेणारा असतो, गिऱ्हाईक कितीही गोड बोलो. काही घडलंच तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला लगेच फोन. आंब्यासाठी खातं वेगळं ठेव, म्हणजे घराचा हप्ता आणि पेटीचे पैसे एकमेकांत मिसळणार नाहीत आणि मला गड्यांचा हिशोब करता येईल. बँकेचे मेसेज वाजू देत, पण पेमेंट अ‍ॅपच्या ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ वगैरे बंद. कर्जवाल्यांचे फोन नको असतील तर १९०९ ला ‘स्टार्ट ०’ असा मेसेज इंग्रजी अक्षरांत पाठव, त्याने पुष्कळ कमी होतात.

नोकरीबद्दल एकदाच लिहितो, पुन्हा विचारणार नाही. २०२२ साली मूनलायटिंगवरून, म्हणजे नोकरी सांभाळून गुपचूप दुसरं काम करण्यावरून, आयटीवाल्यांत केवढा गदारोळ झाला होता ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. घरच्या बागेचा आंबा विकणं म्हणजे दुसऱ्या कंपनीची चाकरी नव्हे, हे मलाही कळतं. तरी नेमणूकपत्र काढून वाच, आणि लागलं तर एचआरला सरळ विचारून ठेव. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते आंब्याचं व्हॉट्सअ‍ॅप कधीही जोडू नकोस. जोडायचंच तर केतकीच्या टॅबला जोड, एका नंबराला चार उपकरणं जोडता येतात. ती म्हणते दुपारची उत्तरं मी देईन. देऊ दे, तुझ्यापेक्षा तिचं अक्षरही चांगलं आणि जीभही. मात्र तिला विचारून तिचे तास लाव, तिचीही नोकरी आहे.

हे सगळं जूनपर्यंतच. पाऊस लागला की त्या नंबरावर ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या मार्चमध्ये भेटू’ असं लावून टाक आणि सिम झोपव, फक्त अधूनमधून रिचार्ज कर, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल. फणसपोळी, आंबापोळी, कोकम सरबत असली बारमाही दुकानदारी काढायचा विचार तुझ्या डोक्यात आहे असं आई म्हणाली. सध्या काढू नकोस. आईला ती करायला आवडते म्हणजे ती विकायला करायला आवडेल असं नाही, आणि तिला तू अजून विचारलेलं नाहीस.

पिशवीत कोकमांच्या खाली लोणच्याची बाटली आहे, ती उभी ठेव, झाकण नीट बसत नाही. केतकीच्या आईबाबांना नमस्कार सांग.

नवा नंबर चालू झाला की कळव. येत्या मंगळवारी भर दुपारी बंड्याला मी तुला ‘आंबा कसा डझन?’ असा मेसेज टाकायला लावणार आहे. ‘नमस्कार, निरोप मिळाला’ असं उत्तर आलं तर ठीक. तू स्वतः लिहिलंस, तर मी फोन करीन. आणि दोनदा करीन.

तुझे,
बाबा